कमलेशचं दूध

२३ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे घरी! शंतनूची चंदीगडला बदली झाल्यापासून ऑफिसच्या हॉस्टेलातल्या एका खोलीत दिवस काढत होतो. आता सेक्टर सत्तावीसमधलं हे सरकारी क्वार्टर. तळमजला, लाल विटांच्या भिंती, पुढे हिरवळीचा तुकडा, गेटपाशी आंबा. सांगलीच्या आमच्या फ्लॅटला दिवसभर दिवा लावावा लागायचा, इथे उन्हाला दारं बंद करायची पाळी. मागच्या खोलीत तर दुपारभर ऊन असतं. ती जाईची खोली, असं मी पाय ठेवल्या ठेवल्याच ठरवून टाकलं.

आणि मुख्य म्हणजे जाई घरी आली. दवाखान्यातून थेट इथे. आठवा लागायच्या आत जन्मलेली, काचेच्या पेटीत महिना काढलेली माझी मुलगी आज पहिल्यांदा आमच्या छपराखाली झोपली आहे. हाताच्या ओंजळीत मावते अजून.

तिचं खाणंपिणं हे मोठंच प्रकरण आहे. दवाखान्यात माझं दूध पुरेना म्हणून डब्याचं दिलं, तर दुपट्यावर शीमध्ये रक्ताचे धागे दिसले. तिला गाईच्या दुधातलं काहीच सोसत नाही. मी खाल्लं तरी माझ्या दुधातून तिच्यापर्यंत पोचतं. म्हणून मी दूध, दही, तूप, पनीर, सगळं सोडलं. चंदीगडमध्ये राहून! शेजारच्या बलविंदर आंटी संध्याकाळी तुपात निथळणाऱ्या पिन्न्या, म्हणजे इथले कणकेचे लाडू, घेऊन आल्या. मी नको म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला, की शंतनूने त्यांच्यासमोरच तीन खाल्ल्या.

३० नोव्हेंबर

दिवस कसा जातो कळत नाही. जाईला ओढून प्यायची ताकद नाही, चार घोट घेते आणि दमून झोपते. म्हणून आधी छातीशी धरायचं, मग पंपाने काढलेलं बोंडल्याने थेंब थेंब पाजायचं, मग बोंडलं उकळायचं, तोवर पुढची वेळ. आईने सांगलीहून बोंडलं पाठवलं ते किती बरं झालं. बाबांचं ऑपरेशन झालंय, नाहीतर तीच आली असती.

दूध कमी होतंय. मान्य करायला जड जातं, पण होतंय. अळीव नारळाच्या दुधात शिजवून खाते, शतावरी घेते. पंपाच्या बाटलीचा तळ झाकला की आनंद होतो.

९ डिसेंबर

वजन वाढलं नाही. उलट थोडं उतरलंय.

डॉक्टर मॅडमनी सोसणारी खास पावडर लिहून दिली. केमिस्टने ती दिल्लीहून मागवली. तिला गंजलेल्या डब्यासारखा वास येतो. जाई पहिला थेंब जिभेला लागला की तोंड फिरवते, दुसरा ओकते. आईच्या दुधाच्या पेढीचं विचारलं, तर ते दूध दवाखान्यात भरती असलेल्या बाळांनाच पुरत नाही, आणि देणाऱ्या आया दूधतूप खाणाऱ्याच असणार. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की शुक्रवारी पुन्हा आणा. तेव्हाही वाढ नसेल तर भरती करून नाकातून नळी घालू.

आज पंपाच्या बाटलीचा तळही झाकला गेला नाही.

११ डिसेंबर

विचित्र दिवस. दुपारी जाईला मागच्या खोलीत पाळण्यात ठेवून मी बोंडलं उकळायला गेले होते. परत आले तर ती गाढ झोपलेली. पोट टम्म, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. तोंडाला उबट, गोडसर वास.

मला वाटलं शंतनूने पाजलं. मग आठवलं, शंतनू ऑफिसात आहे.

फोन केला तर तो म्हणाला, ‘प्राची, तूच पाजलं असशील. झोप नाही ना तुला, विसरलीस.’ असेलही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वजन वाढलं! तेही चांगलं घसघशीत. मॅडमनी काटा दोनदा बघितला. दुपट्यावर रक्त नाही, अंगावर पुरळ नाही. तुमचं पथ्य उत्तम चाललंय, असंच चालू ठेवा, म्हणाल्या.

मी मान डोलावली. काल रात्रीपासून माझं दूध जवळजवळ नाहीच, हे त्यांना सांगितलं नाही.

१७ डिसेंबर

पाहिलं. आज डोळ्यांनी पाहिलं.

दुपारची वेळ, बाहेर धुकं अजून उठलेलं नव्हतं. जाळीच्या दारातून आत पाहिलं तर पाळण्यात जाई कुशीवर वळलेली. तिचे गाल आत जात होते, बाहेर येत होते. गिळण्याचा आवाज येत होता, गटक, गटक, इतक्या जोरात ती माझ्यापाशी कधीच प्यायली नाही. तिचा इवलासा पंजा समोर हवेत टेकलेला होता. खरंच टेकलेला. बोटं पसरून चपटी झाली होती, जशी कुणाच्या अंगावर ठेवावी तशी.

मी दार उघडलं. आवाज थांबला. जाईचा हात खाली पडला. ती रडू लागली.

१८ डिसेंबर

बलविंदर आंटींना विचारलं. या घरात आमच्या आधी कोण राहायचं? त्या आधी टाळत होत्या, मग कुंपणापाशीच उभ्या राहून सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी पालमपूरकडचं एक जोडपं होतं. बाईचं नाव कमलेश. तिलाही मुलगा अपुऱ्या दिवसांचा झाला आणि दवाखान्यातच राहिला. तिची तब्येत तोळामासा, तिला घरी पाठवलं. ती मागच्या खोलीत बसून दूध काढायची आणि नवरा ते डब्यात घेऊन रोज दवाखान्यात जायचा.

मुलगा आठवड्याभरातच गेला. तिला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. ती दूध देत राहिली, नवरा डबा घेऊन निघत राहिला, आणि कोपऱ्यावरच्या नाल्यात ओतत राहिला.

‘मैं भी चुप रही, पुत्तर,’ आंटी म्हणाल्या. ‘रोज पूछती थी, आज कितना पिया उसने? मैं कहती, सारा पी गया.’

त्याच थंडीत कमलेश त्या खोलीत न्यूमोनियाने गेली. शेवटपर्यंत तिला कळलं नव्हतं.

१९ डिसेंबर

शंतनूला सगळं सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पण एक विचार डोक्यातून जात नाही. मी थेंबभर तूप खाल्लं तरी जाईला त्रास होतो. कमलेशच्या दुधाने होत नाही. कसा होईल? ती काही खातच नाही. किती वर्षं झाली, काही खातच नाही ती.

२२ डिसेंबर

कबूल करते. मी स्वतः जाईला त्या खोलीत नेऊन ठेवते. पाळणा उन्हात सरकवते, जाळीचं दार लावते आणि स्वयंपाकघरात जाऊन कानांवर हात दाबून बसते. दुसरं काय करू? नळी घालू तिच्या नाकात? तिचे हात भरलेत. मांडीला पहिली वळी पडली आहे.

माझं दूध संपलं. पूर्ण.

२६ डिसेंबर

जाई माझ्याकडे बघत नाही. उचललं की अंग ताठ करते, माझ्या खांद्यावरून मागे बघते आणि हसते. तिचं पहिलं हसू.

हात गार आहेत तिचे. तोंडही आतून गार. दवाखान्यात नेलं. वजन छान आहे, रक्त तपासलं, तेही ठीक. मॅडमना कळेना. थंडी आहे, ऊबेत ठेवा, म्हणाल्या. मी तिला उघड्या छातीशी घेऊन दोन रजया पांघरून बसले. माझंच अंग गार पडत गेलं.

२८ डिसेंबर, रविवार

आज शंतनूने पाहिलं.

जाळीच्या दाराची चौकट धरून उभा होता. मग आत धावला, जाईला उचललं आणि गाडीची किल्ली शोधू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

पंचकुलाला शंतनूच्या लक्ष्मीकांत काकांचा फ्लॅट रिकामा आहे. निघतोय.

३० डिसेंबर

पंचकुला. जाई काही घेत नाही. पावडर ओकते. माझ्या छातीशी धरलं की किंचाळते, आता किंचाळण्याचीही ताकद नाही. अंग मात्र गरम आहे. गरम आणि कोरडं. दवाखान्यात सलाईन लावलं, हाताला शीर सापडेना. नळीतून घातलेली पावडरही बाहेर आली.

शंतनू कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला म्हटलं, ‘परत नेऊ या.’

तो म्हणाला, ‘तिच्याकडे?’

मी म्हटलं, ‘तिच्याकडे.’

३ जानेवारी

परत आलो. दवाखान्यातून सोडायला तयार नव्हते, शेवटी आज आमच्या सहीवर सोडलं. पाळण्यात ठेवताक्षणी प्यायला लागली. गटक, गटक. शंतनू बाहेर गेटपाशी जाऊन रडला.

५ जानेवारी

थर्मामीटर लावला की आकडाच दाखवत नाही. ओठ निळसर. वजन वाढतंय.

ती जाईला मारू पाहत नाही, हे मला कळतंय. ती तिला आपलं लेकरू समजते. घरी आलेलं, दवाखान्यातून सुटलेलं. कुणी तिला सांगितलंच नाही ना.

कुणीतरी सांगायला हवं.

६ जानेवारी

सांगितलं.

दुपारी आत गेले. आवाज चालू होता. या वेळी तो थांबला नाही. पाळण्याशेजारी जमिनीवर बसले. हिंदीत बोलले, तिला कळावं म्हणून.

‘कमलेश बहन, ये तुम्हारा बच्चा नहीं है. ये मेरी जाई है. तुम्हारा बेटा अस्पताल में ही चला गया था. सबने तुमसे झूठ बोला. दूध उस तक कभी पहुँचा ही नहीं.’

आवाज थांबला.

खोलीत इतकी थंडी झाली की माझा श्वास दिसत होता. मग कुठूनतरी, भिंतीतून, जमिनीतून, एक कण्हणं. मी जाईला उचलून घट्ट धरलं आणि म्हटलं, ‘वो वहीं है. अकेला है. जाओ उसके पास.’

जाळीचं दार उघडलं. आपटलं नाही. कुणी हळूच बाहेर पडावं तसं उघडलं आणि तसंच राहिलं.

७ जानेवारी

जाई गरम आहे! रडली, खरं भुकेचं रडली. छातीशी धरलं आणि तिने ओढलं. आधी काहीच नाही, मग कळ आली आणि — दूध! माझं दूध!

९ जानेवारी

दूध थांबत नाही. जाईचं भागतं तरी उरतं, कपडे भिजतात, बाटल्या भरून ठेवल्यात. दुपट्यावर रक्त नाही. ती माझ्याकडे बघते. शंतनू बाजारातून मटार आणि गजरे घेऊन आला, दोन्ही एकाच पिशवीत. आंटींनी ऐकून डोळे पुसले.

इतकं दूध का येतंय, हे कळत नाही. दोघांना पुरेल इतकं आहे.

१२ जानेवारी

ऊन पडलंय. शंतनूने सुट्टी घेतली आहे, जाईला घेऊन पुढच्या हिरवळीवर बसलाय. जाळीतून आणि पुढच्या उघड्या दारातून मला दोघं दिसतात. मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करायला आले होते. दोन ओळी लिहाव्यात म्हणून खुर्चीत बसले.

जाळीच्या दाराला मी कडी घातली होती. आत्ता उघडं आहे.

थंडी

ती परत आली. एकटी नाही.

मांडीवर काहीतरी ठेवलं तिने. हलकं. जाईपेक्षा खूप हलकं. हालतंय.

तिचं स्वतःचं दूध उरलं नाही. कळलं मला. सगळं जाईला दिलं तिने.

नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. ती नुसती उभी आहे —

डावीकडे — तोंड, बर्फासारखं — ओढतंय. हाताने ढकलू म्हटलं तर हाताला काही लागत नाही —

शंतनूला हाक मारायची आहे. पण मारली तर तो जाईला घेऊन आत येईल

बोटं निळी पडली. पेन धरवत नाही. किती वेळ झाला, ते थांबत नाही, कधी प्यायलंच नाही ना ते, जन्मापासून एकदाही —

शंतनू उठला. इकडेच येतोय. जाई त्याच्या खांद्यावर. येऊ नकोस. तिथेच थां