शेवट घाईत उरकला आहे

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मी तुमच्या शेवटच्या वयापेक्षा म्हातारा आहे. तरी तुम्हाला लिहायला बसलो की खांदे आपोआप सरळ होतात. अंबरनाथ पश्चिमेची आपली शाळा आहे तिथेच आहे, तिच्यावर दोन मजले चढले आहेत. मी पूर्वेला राहतो. बायको, मी आणि मुलगी, एवढेच घरात. थकलो आहे, बाई. आजारी नाही, नुसताच थकलो आहे. एक गोष्ट कोणाला तरी सांगायची आहे आणि ती घरात सांगता येत नाही.

मुलगी चाळिशीला टेकली आहे. बदलापूरच्या एका कारखान्यातली नोकरी तिने सोडली आणि चार मित्रांना घेऊन, कच्छच्या रणात अकरा दिवस राहून, सिनेमा काढला. गोष्ट एवढीच: एक बाई गाडी घेऊन रणातून निघाली आहे, डिकीत एक माणूस आहे, तो मेला आहे की जिवंत हे तिलाही नक्की ठाऊक नाही, आणि वाटेत जो भेटतो तो खोटं बोलतो. सगळं अर्ध्या अंधारात. चेहऱ्यावर थोडा उजेड, बाकी सावली. अशा सिनेमात पूर्ण चांगलं कोणीच नसतं, असं तिने मला समजावलं. मोठे दिवे परवडणारे नव्हते, म्हणून बरंचसं गाडीच्याच दिव्यांवर भागवलं. ऐकताना मला तुमचा तो तास आठवत होता. वाळवंटावरची कविता शिकवायची म्हणून तुम्ही भर एप्रिलात वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि म्हणालात, दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, पाणी मागायचं नाही. मग पुस्तक उघडलंत. आम्ही घामाने भिजलेले, आणि तुम्ही विचारताय, "अर्थ नको. काय दिसलं ते सांगा."

सिनेमा फोनवरच लागला. आता लोक सिनेमा पाहून घरी जात नाहीत, बाई, खाली मत लिहून जातात. मुलगी ते मोठ्याने वाचून दाखवायची. एकाला राग आला होता की एवढ्या प्रवासात पेट्रोल कसं संपत नाही. कोणी लिहिलं की पाहता पाहता तीन ग्लास पाणी प्यायलो. बदलापूरच्या एका बाईने मेथी निवडता निवडता दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मेथी अर्धीच राहिली. डिकीतला माणूस पहिल्यापासून मेलेला होता की नाही, यावर दोन अनोळखी माणसं चार दिवस भांडत होती. आमचे उल्हासनगरचे कापडवाले सिंधी मित्र आहेत, सकाळी फिरायला बरोबर असतात, सिनेमातली गाडी त्यांचीच. ते घरी येऊन सांगून गेले, "साईं, पिक्चर एक नंबर. पण माझी डिकी अशी वाजत नव्हती हां. ती कोणी वाजवली, तेवढं विचारून ठेवा." मुलगी हसून हसून खाली बसली. रात्रीच्या भाकरी होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पुढच्या सिनेमाचं लिहीत असे. असं तिला मी तिच्या शाळेच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं.

एका दुपारी ती म्हणाली, सगळ्यांनी लिहिलं, बाबा, तुम्ही नाही लिहिलंत.

निबंध झाला की तुम्ही आम्हाला वह्यांची अदलाबदल करायला लावायचात. शेजाऱ्याच्या निबंधाखाली पेन्सिलीने दोन ओळी: आधी उणीव, मग गुण. मी एकदा मित्राच्या वहीवर नुसताच गुण लिहिला, तेव्हा तुम्ही मला उभं केलंत. आवाज चढवला नाहीत. "परक्याला आपण फसवत नाही," म्हणालात, "ओळखीच्याला फसवतो. त्याची वही जास्त नीट वाच." ते मी जन्मभर पाळलं. जेवणातलं मीठसुद्धा बायकोला आधी सांगितलं, चव नंतर. तिने हे कसं सोसलं, ते तिलाच माहीत.

तर मी लिहिलं: "शेवट घाईत उरकला आहे."

माझं पूर्ण नाव, आडनावासकट, वर दिसत होतं. तासाभरात लोकांनी ओळखलं की हे वडील. मग लोंढाच आला. घरचा आहेर म्हणाले. काकांनी मार्क कापले म्हणाले. काका, बाकीचे पेपर कधी तपासणार, असं एकाने विचारलं. शेवट आवडलेलेसुद्धा पलटले, की हो, खरंच जरा घाईच झाली. मेथीवाल्या बाईने तेवढं माझ्याशी भांडण केलं. सगळ्यांत वर अजून माझीच ओळ आहे.

मुलगी रागावली असती तर बरं झालं असतं. ती जेवलात का विचारते, गोळ्या काढून ठेवते. टेबलावर वही नसते. परवा बायको भाजी चिरता चिरता म्हणाली की ती बदलापूरला जुन्या साहेबांना भेटून आली, परत घेतात का विचारायला.

त्याच संध्याकाळी मी मुलीला सांगितलं की तुमच्या पद्धतीप्रमाणे आधी उणीव लिहिली, खालच्या ओळीवर जायला बोट दाबलं तर मत तेवढंच निघून गेलं, आणि गुण लिहायचा राहिला. तिने मान वर केली. किती दिवसांनी.

"मग आता लिहा की, बाबा."

मी डोळ्यांचं निमित्त सांगून उठलो. बोट चुकून लागलं एवढं खरं आहे, बाई. पण लागलं नसतं तरी दुसरी ओळ माझ्याकडे नव्हती. सिनेमा पाहताना ढाब्याच्या प्रसंगालाच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पडद्यावर नावं वर सरकत होती. म्हणून मला सगळं घाईत उरकल्यासारखं वाटलं. तिने शेवट काय केला आहे, मला माहीत नाही. लोक माझ्या शब्दावर भांडतात, ती नोकरी शोधते, आणि मी तो पाहिलेलाच नाही. आता पाहायला हात धजत नाही. तो चांगला निघाला तर काय करू?

ती आत्ता पलीकडच्या खोलीत आहे, जागी आहे. तिच्या दारापर्यंत सात-आठ पावलं असतील. तुम्हाला लिहिणं सोपं वाटलं, म्हणून तुम्हाला लिहिलं.