बिब्ब्याचं तेल आणि माझं तोंड

पिंपळवंडी,
सोमवार

ती. सौ. आक्कास,

धाकट्या वैजूचा वाकून नमस्कार. (वाकता येतं. हसता मात्र येत नाही, गाल ताणतात.) तुझी कंबर कशी आहे? मंचरच्या हायवेचा धुरळा अजून तुझ्या चहात पडतो का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

थंडीत कांद्याच्या वाफ्यात उभं राहून माझ्या टाचांना भेगा पडतात, हे तुला ठाऊकच आहे. यंदा सासूबाईंनी बिब्बा घेतला, तापल्या सुईने टोचला आणि त्यातून आलेलं काळं तेल भेगांत भरलं. चटका बसला, पण टाचा लोण्यासारख्या झाल्या. मग मी ओट्यावर बसून टाचांकडेच बघत राहायची. समोर कांद्याचे पांढरे गोंडे वाऱ्यावर डुलायचे आणि वाटायचं, टाचेचं हे असं, तर गालाचं काय होईल? मोबाईलमधली ती बाई बदामाचं तेल लावून उजळून निघते. बदाम झाडाचाच, बिब्बाही झाडाचाच. शिवाय बिब्ब्याच्या आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात घालतात, म्हणजे फळ मुळात मायाळूच. (सासूबाई तेव्हा पेठला लग्नाला गेल्या होत्या, नाहीतर त्यांना विचारलं असतं. कदाचित.)

शेंगदाण्याच्या तेलात बिब्ब्याचे थेंब कालवले, तोंडाला चोळले आणि दुपारची स्वप्नं बघत पडले. उठले तर डोळे उघडेनात. बिब्बा असा उतला, तोंड असं सुजलं, की सासूबाई परत आल्या आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "कोण पावणी आलीया?" डॉक्टर म्हणाले, टाचेचं कातडं जाड म्हणून निभावलं, तोंडाजवळ हे पुन्हा नेऊ नका.

पण आक्का, उसात वाघ दिसला तरी पारावरून न उठणारे आमचे हे आता दिवेलागणीला घरी येतात. साबणाने हात घासतात, खोबरेल कोमट करतात आणि एका बोटाने माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लावतात. तरीही बोटाला कांद्याचा वास येतोच. काल म्हणाले, "हलू नको. लई नाजूक हाय तुझं कातडं, मला म्हाईतच नव्हतं." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं गं. मी डोळे मिटून घेते. लांब कुणाची तरी मोटार पाणी ओढत असते आणि मी कुठेतरी तरंगत जाते. वाटीतलं तेल संपूच नये असं वाटतं.

तर तू बिब्बा टाचेलाच लाव, तोंडाला नको.

तुझी सुजलेली,
वैजू

ता. क. खरं सांगू? सूज परवाच उतरली. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झालाय, म्हणजे कुणी वळून बघू नये असा. यांना अजून कळलेलं नाही, दिवा मी जरा लांबच ठेवते. तू रविवारी येशील तेव्हा यांच्यासमोर एवढंच म्हण, की डाव्या गालावर अजून लाली दिसतेय.

ता. क. दुसरा. आत्ताच हे अंगणात आले. भर उन्हात माझी हनुवटी वर केली, दोन्ही गाल नीट बघितले आणि म्हणाले, "अजून लई दिस लावावं लागंल." तेव्हा तू काही म्हणू नकोस. येताना खोबरेल तेवढं आण, मोठी बाटली.