माझा मोबाइल नंबर माझ्या पश्चात कोणालाही न मिळण्याबाबत

मी, नवल दोधू पाटील, वय वर्षे चौसष्ट, माध्यमिक शाळेतून वरिष्ठ लिपिक म्हणून सेवानिवृत्त, राहणार नंदुरबार, स्टेशनमागची कॉलनी, मूळ गाव प्रकाशाजवळ तापीकाठी, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्या हाताने लिहून ठेवतो. हृदयात स्टेंट बसवली असली तरी डोके जागेवर आहे. नशापाणी केलेले नाही. कोणाचा धाक नाही, दडपण नाही. दडपण आणणारे सगळे मोबाइलवरून आणतात, म्हणून लिहायला बसण्यापूर्वी मोबाइल बंद करून गव्हाच्या कोठीत ठेवला आहे. हे माझे पहिले मृत्युपत्र आहे आणि माझ्यात दुसरे लिहिण्याची ताकद नाही, तेव्हा हेच शेवटचे समजावे.

लोकांना वाटेल, म्हाताऱ्याने इस्टेटीची वाटणी करायला घेतली. इस्टेट फार नाही. कारण आहे माझी मुलगी काजल. ती बी.फार्म. झाली, नाशिकच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली आणि येत्या एक नोव्हेंबरला तिला हजर व्हायचे आहे. माझे भाऊबंद म्हणतात की तिने जाऊ नये, कारण नानाचे, म्हणजे माझे, काही बरेवाईट झाले तर आपले मोबाइल कोण पाहील. हे ते माझ्या खाटेशी उभे राहून, मी जागा असताना बोलले आहेत. माझी फुकटची हमाली वडिलोपार्जित जमिनीसारखी माझ्या पोरीच्या नावावर चढवायचा बेत चालला आहे. तो मोडण्यासाठी पुढील कलमे.

कलम १. राहते घर माझी पत्नी आशा हिला मिळावे, तिच्या पश्चात काजलला. शेतीची वाटणी वडिलांच्या हयातीत झाली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. घराचा ओटा घराबरोबरच जातो. संध्याकाळी त्या ओट्यावर जी मंडळी ‘नाना, तब्येत कशी’ म्हणून येऊन बसतात आणि माझ्या तब्येतीकडे न बघता मान खाली घालून सिनेमे उतरवून घेतात, त्यांच्यासाठी सांगतो की वायफाय मी काढून टाकले आहे. ओटा आता फक्त ओटा आहे. बसायला हरकत नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक आशा आणि काजल यांना निम्मी-निम्मी. या खात्याला मोबाइल नंबर माझाच जोडलेला आहे. आमच्या भाऊबंदांत ज्याच्या खात्याला स्वतःचा नंबर आहे असा माणूस मी एकटाच, म्हणून मुद्दाम नमूद केले.

कलम ३. जंगम वस्तू. संगणक पुतण्या भाग्येशला द्यावा. तो दर वेळी म्हणतो, नाना, तुमचा संगणक लई हळू चालतो. बाबा रे, तू त्याच्यात तुझ्या सगळ्या मित्रांच्या लग्नाचे व्हिडिओ भरून ठेवलेस, मग तो काय पळेल? घेऊन जा. प्रिंटर मात्र देऊ नये. तो आधीच मेला आहे, त्याला माझ्याआधी सुटका मिळाली.

बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच माझा वर्गमित्र दिलवरसिंग याला. तो मिरची बाजारात व्यापारी आहे. त्याच्या मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात कायम मिरचीची भुकटी असते. पहिल्यांदा आणला तेव्हा मी भाबडेपणाने फुंकर मारली आणि सगळे डोळ्यांत गेले. दोन्ही डोळ्यांवर ओला पंचा धरून मी पडलो होतो आणि हा शेजारी बसून विचारत होता, चार्ज होईल ना रे? माणूस वाईट नाही. दर मोसमात घरी मिरची पाठवतो. पण संच घ्यावा आणि आपली भुकटी आपण काढावी.

निकामी चार्जरांनी भरलेला खोका माझी थोरली बहीण दगूआक्का, नवापूर, हिला द्यावा. निम्मे तिचेच आहेत. आक्काच्या जावयाचे कोंबड्यांचे शेड आहे, त्यात कॅमेरे लावलेत, आणि ‘नाना, कोंबड्या दिसत नाहीत’ असा तिचा फोन आला की मी इथे नंदुरबारला बसून नवापूरच्या कोंबड्या शोधायच्या. एकदा तर मी आपल्या साडूच्या मुलीच्या हळदीला, अंगाला हळद लागलेली, आणि कानाशी आक्का. शेवटी निघाले काय, तर शेडमधला दिवा लावायचा राहिला होता. याला आमच्याकडे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात.

जामसिंग रेवजी वसावे, आमच्या शाळेचा निवृत्त शिपाई, याचा मोबाइल माझ्या देवघराच्या फळीवर असतो. ती माझी मिळकत नाही, चुकून वाटणीत धरू नये. त्याचा पाडा मणिबेलीच्या अंगाला नर्मदेकाठी, तिथे होडीने जावे लागते आणि रेंज नाही. म्हणून तो मोबाइल माझ्याकडे ठेवतो, बाजाराला उतरला की येऊन मोबाइलला भेटतो, मी मेसेज वाचून दाखवतो आणि तो परत जातो. दर होळीला मला बोलावतो. मी एकदाही गेलो नाही, कारण मी रेंजबाहेर गेलो की इकडे कोणाचे तरी पैसे अडकणार. जामसिंगला हे पटत नाही. तो म्हणतो, “पाटीलभाऊ, तुम्ही मेल्यावर कुठे रेंज असणार?”

कलम ४. मोबाइल नंबर. वकीलसाहेबांनी मला सांगितले की नंबर ही मिळकत नव्हे, तो कंपनीचा असतो, मृत्युपत्रात येत नाही. त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर असेल. पण ते सांगत असतानाच त्यांच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, तो मी काढून दिला, आणि निघताना त्यांनी माझा नंबर मागून घेतला. तेव्हा हे कलम राहील.

हे दुखणे सुरू झाले माझ्या धाकट्या भावापासून. भटू दोधू पाटील. जी कंपनी फुकट सिम देईल तिचे घ्यायचे आणि ऑफर संपली की फेकायचे, ही त्याची रीत. मग बँकेत, गॅसवाल्याकडे, आधारच्या केंद्रात नंबर विचारला की पठ्ठ्या माझा सांगून मोकळा. का, तर भावाचा बदलत नाही आणि त्याला पाठ आहे. स्वतःचा पाठ नाही. त्याचे पाहून आक्काने दिला, आक्काचे पाहून तिच्या व्याह्यांनी दिला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मला विचारले कोणीच नाही. आमच्या घरातला गॅस संपून आशा चूल पेटवत होती, आणि माझ्या मोबाइलवर मेसेज आला की तुमचा सिलिंडर पोहोचला. पोहोचला होता, नवापूरला.

बँक सांगते, ओटीपी कोणालाही सांगू नका. आमच्या घराण्यात ओटीपी फक्त मला येतो आणि तो मी सगळ्यांना सांगत बसतो. जेवताना, आंघोळीत, स्मशानातसुद्धा. उशीर झाला तर वर बोलणी खायची. गरज सरो, वैद्य मरो असे म्हणतात. माझ्या बाबतीत गरजच सरत नाही, म्हणून वैद्याला मरायची परवानगी नाही.

कलम ५. हे कलम मी रागात लिहितो आहे. वाचणाऱ्याने अक्षर सांभाळून घ्यावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला अटॅक आला आणि सुरतेला नेले. अतिदक्षता विभागात एका वेळी एकच माणूस सोडतात. नाकाला नळी लावून पडलो होतो, तेवढ्यात भाग्येश आत आला. पोरगा नंदुरबारहून गाडीने एवढ्या लांब मला बघायला आला म्हणून माझे डोळे भरून आले. मी त्याचा हात धरला. तो वाकून म्हणाला, “नाना, बठं बरं शे ना? एक ओटीपी उना व्हई, तेवढा सांगी द्या.”

मोबाइल बाहेर काजलकडे होता. भाग्येश तिच्याकडे गेला, आकडे घेतले आणि परत आत आलाच नाही, त्याची गाडीची वेळ झाली होती. त्यानंतर मी तिथे असेपर्यंत माझी पोर बाहेरच्या बाकावर एका हातात माझ्या औषधांची फाइल आणि दुसऱ्या हातात माझा मोबाइल घेऊन लोकांना ओटीपी वाचून दाखवत बसली. हे मला आशाने घरी आल्यावर सांगितले. नाशिकला तिला सप्टेंबरातच हजर व्हायचे होते. तिने त्या बाकावरूनच कंपनीला फोन करून तारीख पुढे मागून घेतली. कंपनी भली, दिली. पुन्हा देणार नाही.

घरी आलो तेव्हा सगळे जमले. माझ्या पथ्याचे कोणी विचारले नाही. भटू काजलला म्हणाला, “पोरी, तू नाशिकले गयी ते आमनं कोण देखी?” सगळ्यांनी माना डोलावल्या. दगूआक्का तर म्हणाली, मुलीच्या जातीला इतक्या लांब नोकरी हवी कशाला, इथे बापाचे काम आयतेच आहे. काम! ज्या कामाचा कधी कोणी चहासुद्धा पाजला नाही, ते काम माझ्या पोरीला आयते. मी उठून बोलणार होतो, पण डॉक्टरांनी तावातावाने बोलायला मनाई केली आहे, आणि आशाने माझा दंड धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजल माझ्या गोळ्या घेऊन आली आणि खाली बघत म्हणाली, “पप्पा, नको जाऊ का मग मी?”

अटॅक आला तेव्हा मी रडलो नव्हतो. हे ऐकून रडलो. इतकी वर्षे मी कुरकुर करत का होईना सगळ्यांचे केले, पण तिच्या तोंडून हे वाक्य यावे यासाठी नाही केले.

म्हणून ठरवतो ते असे. माझ्या नंबरचे रिचार्ज एकतीस ऑक्टोबरला संपते. ते मी जिवंत असलो तरी होणार नाही, मेलो तरी होणार नाही. आशाने करू नये, काजलने करू नये, कोणी उदारपणा दाखवून परस्पर केले तर तो माझा शेवटचा अपमान समजेन. सगळ्यांना मी एकेकाला फोन करून कळवले आहे की आपापल्या बँकेत जा, आपापला नंबर द्या. सगळे ‘हो नाना’ म्हणाले. गेले कोणीच नाही. त्यांची खात्री आहे की नाना बोलतो फक्त, आणि नाना गेला तर काजल आहेच.

काजल नाही. काजल एक तारखेला नाशिकला आहे. तिला वरच्या कलमांप्रमाणे तिची मिळकत मिळावी, फक्त हा नंबर आणि त्यामागचे काम मिळू नये. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. असेल. हे एक कलम मी जिवंतपणीच लागू करतो.

कलम ६. माझे अंत्यसंस्कार प्रकाशाला करावेत. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फोटो मोबाइलवर कसा टाकायचा हे विचारायला त्या दिवशी काजलला कोणी हाक मारू नये. ज्याला टाकता येत नाही त्याने टाकू नये, मी रागावणार नाही. दहाव्याला आलेल्यांना पोटभर जेवू घालावे. जेवण झाल्यावर कोणी खिशातून मोबाइल काढून ‘जरा बघ ना गं’ म्हणालाच, तर आशाने त्याच्या हातावर सुपारी ठेवून त्याला दारापर्यंत पोहोचवावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आशाने करावी. माझ्या आयुष्यात जे थोडेफार धड चालले ते तिच्यामुळे चालले, हे तिला मी तोंडाने कधी सांगितले नाही, ते इथे लेखी देतो.

साक्षीदारांबाबत खुलासा. साक्षीला मी बाजाराला उतरलेल्या जामसिंगला बसवले आणि मुद्दाम भटूला बोलावले, म्हणजे त्याने सगळी कलमे स्वतःच्या डोळ्यांनी वाचावीत. त्याने वाचली. पाचवे दोनदा वाचले. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे साक्षीदाराचे नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर घ्यायचा होता. भटूने नाव लिहिले, पत्ता लिहिला आणि खाली माझा नंबर लिहिला. मी तो त्याच्यासमोर खोडला आणि कागद ओढून घेतला. म्हटले, स्वतःचा नंबर आणशील तेव्हा सही कर. एका नंबरापायी सख्ख्या भावाला दारातून परत पाठवतात, असे आशाला ऐकवून तो चपला घालून निघून गेला. जामसिंग त्या दिवशी आमच्याकडेच राहिला.

आज सकाळी भटू आला. चहा नको म्हणाला. समोर बसला, डोळे मिटले आणि शाळेतल्या पाढ्यासारखा एका दमात दहाही आकडे म्हणाला. मी कोठीतून मोबाइल काढून सुरू केला आणि खात्री करायला तो नंबर लावला. रिंग त्याच्या सदऱ्याच्या खिशात वाजली. त्याने ती बंद केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “बँकमा बी आते हाऊच नंबर दिना. पोरले जाऊ दे, भाऊ.”

मग मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

लिहून ठेवणार: नवल दोधू पाटील (सही)

साक्षीदार:
१. जामसिंग रेवजी वसावे (सही)
२. भटू दोधू पाटील (सही). मोबाइल: स्वतःचा, लावून पाहिला.

ठिकाण: नंदुरबार
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५