माझ्या नावावर तुझं बोट

गंगू,

तू देवळातून येईपर्यंत मी रिक्षानं दवाखान्यात गेलेला असेन.

सकाळी नर्सबाईंचा फोन आला. "काका, महिनाभर तुमचा ऑक्सिजन एक नंबर येऊन राहिला! घरचं ऑक्सिजन मशीन आता दुसऱ्या पेशंटला देऊ. दुपारी माणूस येईल." मला धाप लागली. त्यांना वाटलं, आनंदानं.

तुला विचारलं, तेव्हा कळलं. मी झोपेत असताना ऑक्सिजन मोजायची ती बोटाची क्लिप तू रोज स्वतःच्या बोटाला लावतेस, आणि आकडा दवाखान्यात नि शिवहारच्या मोबाइलवर जातो. वर म्हणालीस, "पोरगं पुण्यात एकटं हाय, त्याला काहून घोर लावता?" आणि फुलं घेऊन निघालीस.

बराबर आहे. पोरगं निवांत, डॉक्टर खूश, तुझी फुप्फुसं ठणठणीत. गैरसोय एकट्या माझी, आणि तक्रार करायला मला दम पुरत नाही. महिनाभर शिवहारचा फोनही नाही. चांगल्या आकड्याला कोण फोन करतं?

माणूस आला तर मशीन देऊ नकोस.

क्लिप सोबत नेतो आहे; तिथं ती माझ्या बोटाला लावून दाखवणार आहे. आकडा बघून शिवहार तुलाच फोन करेल. 'काही न्हाई रे' म्हणू नकोस.

— सूर्यकांत