दाजी होऊ नकोस

तळा, जि. रायगड

प्रिय हर्षद,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होतो, पण खोडलेलं जास्तच डोळ्यांत येतं, म्हणून राहू दिलं. तू माझा फोन उचलत नाहीस. आपल्या दोघांचं माहीत असलेली एकटी मैत्रीण नूतन, तीच हे तुझ्या हातात देईल. वाचून जाळून टाक.

मुंबई फिरायला जायचो तेव्हाचे तुझे नियम मला अजून पाठ आहेत. रस्त्यात हात धरायचा नाही. एका शहाळ्यात दोन नळ्या मागायच्या नाहीत. आपल्यासारख्यांच्या ॲपवर कुणी कितीही गोड बोललं तरी त्याच्या घरी जायचं नाही. कुठे आहोत ते नूतनला कळवत राहायचं. मी तुला हेडमास्तर म्हणून चिडवायचो, पण तुझ्यामुळेच आपण दर वेळी धडधाकट परतलो, हे खरं. शेजारी बसून निवांत वडापाव खायचा, एवढंच तर हवं असायचं. आपल्या तळा गावात तेवढंही कधी जमलं नाही.

मग दादरचा तो लॉज. मॅनेजर आपली आधार कार्डं धरून बसला. आडनावं वेगळी, खोली एक, नातं काय, घरी फोन लावू काय, असं विचारत होता. तू शांतपणे म्हणालास, "माझ्या बायकोचा भाऊ हाय." त्याने चावी दिली, वर मेव्हण्यासाठी चहा मागवला! खोलीत गेल्यावर आपण तोंडावर उशी दाबून हसलो. मी ते तिथेच विसरलो. तू नाही विसरलास.

गेल्या महिन्यात आईवडिलांना घेऊन तू आमच्या ओटीवर आलास, माझ्या बहिणीला, भक्तीला, मागणी घालायला. मला मागीलदारी नेऊन म्हणालास, "आता कोण इचारणार न्हाय आपल्याला. दाजी-मेव्हणे कुठंबी फिरतात." शिसारी आली मला तुझी. तिने तुझे डबे भरायचे, तुझी वाट बघायची, स्वतःतच काय खोट आहे ते शोधत म्हातारं व्हायचं, आणि मी तिच्याच घरी पाहुणा म्हणून जेवायचं? इतकं प्रेम केलं तुझ्यावर, आणि तुला मी असा वाटलो?

परवा भक्तीला सगळं सांगितलं, माझंही. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "दादा, नकार मी देते. माझं दुसरीकडं हाय असं सांगते. तुझं नाव न्हाय येणार." काल तिने बाबांना तसं सांगितलं. त्यांनी तिच्या थोबाडीत मारली, माणगावच्या दवाखान्यातली तिची नोकरी बंद केली, आणि रविवारी साखरपुडा होणारच म्हणतात. म्हणून लिहितोय. शनिवारपर्यंत ये आणि नकार तू दे, कारण काहीही सांग. आला नाहीस तर रविवारी सगळ्या पाहुण्यांसमोर खरं काय ते मी बोलेन, मग आपल्या दोघांचं गावात काय व्हायचं ते होऊ दे. माझ्यासाठी तिने एकदा मार खाल्ला. पुन्हा खाऊ देणार नाही.

परवा-परवापर्यंत तुझाच असलेला,
दिपेश