उमरग्याच्या वाचनालयातली पूर्ण शांतता

३ ऑगस्ट १९४५, शुक्रवार
‘मियां, यहां सिर्फ वरक बोलते हैं.’ इथं फक्त पानं बोलतात. बावीस वर्षांपूर्वी हैदराबादेतल्या एका मोठ्या लायब्ररीत तिथले ग्रंथपाल मला असं म्हणाले होते. छत्री कुठं ठेवू, एवढंच मी विचारलं होतं. आवाज जरा मोठा झाला असेल. नोकरीचा अर्ज खिशात तसाच ठेवून परत आलो, पण ते वाक्य घेऊन आलो.

आज ते आठवायला कारण कल्याणप्पा शेठ. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. खोलीही त्यांचीच. सकाळी येऊन त्यांच्या कानडी वळणानं म्हणाले, एन्री माणिकप्पा, कुणाच्या तरी सुनेनं स्वयंपाकाचं पुस्तक मागितलं आणि तुम्ही जनावरांच्या रोगाचं दिलंत म्हणे. बऱ्याच तक्रारी आल्यात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सभा आहे. तोवर सुधारणा दिसली तर ठीक, नाहीतर तुमच्या जागी दुसरं माणूस बघावं लागंल.

एकोणीस वर्षं या खुर्चीवर आहे मी. ती दोन्ही पुस्तकं एकाच जाडीची आहेत, हे बाहेरच्या माणसाला काय कळणार? मी पुस्तकं हातानं ओळखतो. नंबर बघायची वेळ नवशिक्यांवर येते.

सुधारणा हवी ना? संकल्प: दसऱ्याच्या आत वाचनालयात पूर्ण शांतता.

ही नवी वही. रेघा फार फिक्या छापल्यात. युद्धामुळं. म्हणून अक्षर मोठं काढतो आहे.

६ ऑगस्ट, सोमवार
गडबडीचं मूळ सापडलं. बलभीम शिंपी. दुकान रस्त्याच्या पलीकडं, आमच्या समोर. दुपारी सोलापूरची मोटार आली की मशीन सोडून येतो, आमचं वर्तमानपत्र उचलतो आणि दारात उभा राहून मोठ्यानं वाचतो. ऐकायला पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसं. हमाल, शेतकरी, मोटारीचा क्लीनर. सगळ्यात खालच्या पायरीवर धुरपदाबाई. तिचा मुलगा फौजेत, ब्रह्मदेशाकडं.

बलभीम छापलेलं तेवढंच वाचत नाही. जपान मागं सरकलं असं आलं असेल तर म्हणतो, मागं सरकलं खरं, पण किती सरकंल, मागं समुद्र हाय. लोक हसतात. वाचनालयात.

मी त्या वेळी रजिस्टर लिहीत असतो. ऐकत नसतो, कानावर पडतं. कामाच्या वेळी ग्रंथपालानं स्वतः वाचत बसू नये, असं माझं तत्त्व आहे. दोन वर्षांपासून कटाक्षानं पाळतो आहे.

१० ऑगस्ट, शुक्रवार
बोर्ड लावला. ‘शांतता. मोठ्याने वाचू नये.’ अक्षरं वीतभर उंच करून घेतली. लांबून वाचता आली पाहिजेत. मला छान वाचता आली.

बलभीम म्हणाला, अप्पा, मनातल्या मनात वाचलं तर ह्या पंचवीस जणांना कसं ऐकू जावं? मी म्हणालो, त्यांनी स्वतः वाचावं. तो म्हणाला, त्यांना येत न्हाय. मी म्हणालो, मग ते वाचनालयात कशाला येतात? शिवाय त्याला समजावलं, की एवढी माणसं बघून ठाण्यातल्या अमीनसाहेबांना सभा वाटेल, परवानगी कुठं आहे म्हणून विचारतील. बलभीम म्हणाला, अमीनसाहेबाचा शिपाईच रोज ऐकायला येतोय, ह्यो काय इथं. शिपाई उठून उभा राहिला आणि टोपी नीट करू लागला.

गेले सगळे. धुरपदाबाई तेवढी बसून राहिली. मग म्हणाली, आज ब्रह्मदेशाचं काय आलं न्हवतं व्हय? मी ओठांवर बोट ठेवलं.

११ ऑगस्ट
शांतता. पान उलटल्याचासुद्धा आवाज नाही. पान उलटायला कुणी नाही, पण खरे वाचक आता येतील. त्यांना कळायला थोडे दिवस लागतील.

दुपार इतकी लांब असते हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

वर्तमानपत्राची घडी मोडली नाही. शाई भिकार, कागद मातकट. असले अंक काढायचे तरी कशाला.

१९ ऑगस्ट, रविवार
कल्याणप्पा दारातूनच म्हणाले, संपलं बघा एकदाचं. वाचलंत ना? मी म्हणालो, वाचलं. म्हणाले, मग काय वाटतं तुम्हाला? विचारणं त्यांच्या दुकानातल्या रॉकेलबद्दल असणार. म्हणालो, येईल परत, दोनेक महिन्यांत. त्यांनी मेजावरचा न उघडलेला अंक सरळ करून ठेवला आणि गेले.

घरी गिरिजा म्हणाली, लढाई संपली म्हणं, जपाननं हात टेकले. मी म्हणालो, ठाऊक आहे.

२४ ऑगस्ट
बलभीमनं ड्रायव्हरकडून स्वतःचा वेगळा अंक आणायला सुरुवात केली आहे. बदल्यात त्याचे सदरे शिवून देतो. सगळी गर्दी आता त्याच्या दुकानापुढं. आमच्याकडची गडबड मुळासकट गेली. समाधान वाटायला हवं. वाटतंच.

मेज खिडकीपाशी ओढून घेतलं. वाऱ्यासाठी. वारा नव्हता. बलभीमचा आवाज रस्त्याच्या मध्यापर्यंत नीट येतो, पुढं फुटतो. नेमकं एखाद्या देशाचं नाव आलं की कुणाची तरी बैलगाडी मधे येते.

३० ऑगस्ट, गुरुवार
कोटाची गुंडी तुटली. बलभीमकडं जावं लागलं. वाचन चाललेलं. मधेच थांबवणं बरं दिसेना, म्हणून संपेपर्यंत बसलो.

३१ ऑगस्ट
दुसरी गुंडी.

१ सप्टेंबर
सदऱ्याची.

४ सप्टेंबर, मंगळवार
गिरिजा म्हणाली, अहो, रोज कशी गुंडी तुटती तुमची? आन तुटती तीबी मोटार आल्यावरच? मी म्हणालो, दोरा कच्चा येतो हल्ली, युद्धामुळं. ती म्हणाली, लढाई संपली न्हवं का? आन गुंडी लावायला परक्याच्या दारात कशाला, म्या काय मेले व्हते?

बलभीम काही विचारत नाही. आधी वाचतो, मग गुंडी लावतो. हल्ली पूर्वीपेक्षा सावकाश वाचतो आणि माझ्याकडं तोंड करून वाचतो. माझ्यासारखा माणूस समोर बसला की त्याला दडपण येत असावं.

१२ सप्टेंबर, बुधवार
कल्याणप्पांनी मेजावरचा अंक उचलला. म्हणाले, हा मागच्या महिन्यातला आहे. मी म्हणालो, पुनर्वाचनासाठी ठेवलाय. म्हणाले, कुणाच्या? मग रजिस्टर चाळलं. बोर्ड लावल्या दिवसापासून एकाही वाचकाची सही नाही. मी म्हणालो, पण शांतता बघितलीत का? ते म्हणाले, बघितली.

खुर्चीवर बसले थोडा वेळ. वाचकांच्या खुर्चीवर. म्हणाले, माणिकप्पा, तुमची तब्येत बरी आहे ना? अध्यक्षानं ग्रंथपालाच्या तब्येतीची चौकशी केली, म्हणजे जागेची काळजी राहिली नाही असं मी समजतो.

१८ सप्टेंबर, मंगळवार
धुरपदाबाई कार्ड घेऊन आली. मुलाचं. म्हणाली, अप्पा, बलभीम कापड आणाया सोलापूरला गेलाय, उद्या येतोय. तेवढं वाचून दाखवा. सकाळपासनं पदरात घिऊन बसलीय. जिता हाय का तेवढं सांगा, बाकीचं उद्या ऐकते.

कार्ड हातात घेतलं. खिडकीपाशी नेलं. चष्मा पुसला. लांब धरलं, मग जवळ. कार्डावर धुळीचा डाग पडावा तसं काहीतरी होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. कार्डाकडं नाही, तोंडाकडं.

मी सांगितलं, खासगी पत्रं वाचून दाखवणं वाचनालयाच्या नियमात बसत नाही. ती म्हणाली, नियमात न्हाय व्हय? बरं. तुमाला तरी काय म्हणावं. कार्ड परत पदरात बांधलं आणि गेली.

अक्षर फारच वाईट होतं. फौजेत पेन्सिली देतात.

जेवण गेलं नाही. गिरिजा म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, भाकरी जाड झाली होती.

१९ सप्टेंबर
मोटारीतून उतरल्या उतरल्या बलभीमनं कार्ड वाचलं, भर रस्त्यात. मुलगा सुखरूप आहे. दिवाळीला येतो म्हणून लिहिलंय. धुरपदाबाईनं सगळ्यांना गूळ वाटला. मलाही खिडकीतून दिला. म्हणाली, घ्या अप्पा, तोंड गोड करा.

कालपासून आजपर्यंत ती बाई कशी बसली असेल. नियम पाळला, यात माझं काही चुकलं नाही. पण गूळ घ्यायला नको होता.

८ ऑक्टोबर, सोमवार
निजाम सरकारचं फसली वर्ष बदललं. १३५५ लागलं. नव्या वर्षाचे संकल्प: रोज सकाळी डोळ्यांत तूप घालणं. थंडाव्यासाठी. डोळ्यांना काही झालेलं नाही.

गिरिजा म्हणते, सोलापूरला डोळ्याचा डॉक्टर हाय, दाखवून येऊ. मी म्हणालो, कुणाला दाखवायचं? ती म्हणाली, मला, आणि भांडी घासायला गेली. फार वेळ घासत होती.

वहीही संपत आली. पानं कमी घालतात हल्ली. गिरिजानं चाळून बघितली. तिला अक्षर येत नाही, पण म्हणाली, पानावर चारच ओळी घालताय, वही संपंल न्हाय तर काय?

सभेत वाचायचा रिपोर्ट पाठ केला. रिपोर्ट तोंडपाठ असणं हे तयारीचं लक्षण आहे.

१६ ऑक्टोबर, मंगळवार. सभा.
रिपोर्ट उत्तम झाला. ‘दहा ऑगस्टपासून आजपर्यंत वाचनालयात कोणत्याही प्रकारचा आवाज झाला नाही,’ या वाक्यावर जरा थांबलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पान उलटायचं मात्र विसरलो. तिन्ही पानं पहिल्याच पानावर वाचली. बलभीम मागच्या रांगेत दोनदा खोकला, तेव्हा लक्षात आलं. मग दोन पानं एकदम उलटली.

नंतर कल्याणप्पांनी मला एक कागद दिला. हळूच म्हणाले, ठराव आहे. सगळ्यांपुढं मांडायच्या आधी तुमच्या नजरेखालून जाऊ द्या म्हणलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. कागद तसाच हातात धरून किती वेळ उभं राहणार? मग मी तो मोठ्यानं वाचला. ‘श्री. माणिकप्पा यांच्या एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल मंडळ त्यांचे आभार मानते आणि पुढील वर्षासाठी त्यांना त्याच जागी कायम करते.’ भाषा चांगली जमली होती. सहीसुद्धा वाचली.

कल्याणप्पा पुढं आले, कागद माझ्या हातातून सोडवून घेतला, घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, चहा घ्या सगळ्यांनी. राहिलेलं काम उद्या बघू.

त्यांनी कपबशी माझ्या हातात नीट धरवून दिली. कपाचा कान माझ्या बोटांत बसेपर्यंत हात सोडला नाही.

१७ ऑक्टोबर, बुधवार
बलभीम घरी आला. ओसरीवर बसला. पाणी प्यायला. म्हणाला, अप्पा, त्या कागदावर माझं नाव हाय. म्या नको म्हणलो व्हतो.

मी म्हणालो, आभार? तो म्हणाला, आभार हायत की. पहिल्याच ओळीत. तेवढं तुमी बरोबर वाचलं.

मी विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं? म्हणाला, पहिल्या गुंडीपासनं. दोरा तुटला की त्याचं टोक पिंजतंय, अप्पा. तुमचा कात्रीनं कापलेला व्हता.

गिरिजानं आतून विचारलं, चहा ठेवू का? बलभीम म्हणाला, ठेवा काकी. उठून निघून गेला असता तर बरं झालं असतं. बसला. अंक बरोबर आणला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बाजारभाव आणि जाहिरातींसकट.

२० ऑक्टोबर, शनिवार
दिसत नाही.

एवढं लिहायला तीन दिवस लागले. शाई काळीभोर आहे. कागद चांगला आहे. लढाई संपून दोन महिने झाले. दिसत नाही.

वाचनालयात परत गर्दी जमते आहे. आधी होती त्याहून जास्त, असं गिरिजा सांगते. पायरीवर बसून ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. पण आत, पुस्तकांजवळ, बसायचं तर सभासद व्हावं लागतं, आणि नियम चौथा असा आहे की ज्याला स्वतः वाचता येतं त्यालाच सभासद करून घ्यावं. हा नियम एकोणीसशे सव्वीस साली मीच लिहिला. बदला म्हणून दोनदा अर्ज आले, दोन्ही मीच नामंजूर केले. नव्या ग्रंथपालानं पहिल्याच आठवड्यात नियम मोडला तर कमिटी त्याला बोलेल. त्यानं मोडू नये. मी त्याच्या जागी असतो तर मोडला नसता.

गिरिजा आंघोळ करून वाचनालयाच्या वाटेनं निघाली आहे. अर्जाचा कागद तिच्याजवळ देतो आहे. चार ओळींत मावला.

ग्रंथपाल बलभीम यांस. अर्जदारास वाचता येत नाही. ऐकू चांगलं येतं. कपाटाजवळच्या बाकावर त्यास जागा द्यावी, ही विनंती.