देवघरावरचं छत

कामरगाव
ता. ९ मे २०२४

संगीताताईले निताचा वाकून नमस्कार.

आमी खुशाल आहो. आसेगावले ऊन कसं आहे? भाऊजींच्या गुडघ्याची सूज उतरली का? फोनवर तू दहांदा विचारलं, निते, आवाज काहून असा. अवं, काय सांगू! मधल्या खोलीत बल्ल्या लावून छत तोललं आहे, म्हणून आमी चौघं पुढच्या खोलीत राहून राह्यलो. फोनवर बोलावं तर हे हातभर अंतरावर बसलेले. म्हणून लिहून राह्यली.

पानाबाईचं हे जुनं घर घेतांनी फुलसिंग मिस्तरीनं छताचा अंदाज काढला होता. कवेलू काढून टिनपत्रे अन् चार नवे वासे, एक लाख वीस हजार. त्यावरच ह्यायनं सौदा केला. रजिस्ट्री झाली, पानाबाई देव घेऊन लेकाकडं वाशीमले गेली. मग देवघरावरचे कवेलू उतरवले, तर ज्या मयालीवर, मधल्या मोठ्या लाकडावर, सारं छत टेकलं, तीच उधईनं खाऊन आतून पोकळ केलेली. आता चार लाख सांगतात. आणायचे कुठून? विकायचं तर असं घर घेते कोण? रोज वर पाहत जेवतो.

हे गावभर सांगून राह्यले, फुलसिंगनं पानाबाईकडून पैसे खाल्ले. त्याची तीन कामं गेली. भाऊजींनीबी दिलेलं काम काढून घेतलं म्हणतात.

ताई, एवढं लिहून मी उगाच भांडे घासून आली.

फुलसिंगचा दोष नाही. अंदाजाले छतावर चढला, तवा देवाच्या डोक्यावर पाय कसा द्यावा, म्हणून त्यानं देवघरावरचा तेवढा तुकडा पाहाचा सोडला. पण उतरल्यावर मले म्हणाला, "वहिनी, घंटाभर देव हलवा. तेवढं पाह्यल्याशिवाय आकडा पक्का धरू नोका." हे तवा तिथं नव्हते. पानाबाई तर देव हलवाले तयारच होती. मीच म्हटलं, "राहू द्या भाऊ, म्हातारीचे देव कायले हलवता?"

मले ठाऊक होतं. हात जोडतांनी भिंतीवर उधईची माती दिसली होती, बोटभर जाड. आकडा वाढला तर हे सौदा मोडतीन, अन् मले पुन्हा दोन जावांच्या हाताखाली त्याच चुलीवर जन्म काढावा लागेल. बारा वर्षं काढले, ताई. आणखी एक निघत नव्हतं. म्हणून देवाच्या नावानं खोटं बोलली. लाज वाटते.

काल फुलसिंग बाजारात भेटला. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "तुमचं नाव मी घेणार नाही, वहिनी. पण माझ्या घरीबी खाणारे आहेत."

तीनदा ह्यायले सांगाले तोंड उघडलं, अन् तीनदा भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंच विचारलं.

तवा हे पत्र तू भाऊजींले मोठ्यानं वाचून दाखव. ते लगेच ह्यायले फोन करतीन, मले माहीत आहे. फुलसिंगले काम परत द्या. हे काही बोलले तरी मले न्यायले येऊ नको. घर माझ्या हट्टानं झालं, त्याच्याखाली मीच राहीन.

तुझी अन् फुलसिंगभाऊची गुन्हेगार,
निता